कोरड्या वाळूकडे

मुलीने फॉर्मवरच्या दोन चौकटींपैकी खालच्या चौकटीत बरोबरची खूण केली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "नकोच ते. मला अजून आठवतंय, मी चक्क डोळे मिटून घेतले होते. असल्या बाईच्या हातात कोण ऑफिसची गाडी देणार?" आणि ती हसली. शनिवारची सकाळ होती. टेबलावर चहा होता, टोस्ट होते, बायको ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, आणि तीही न वळता हसली, कारण हा किस्सा घरात इतक्या वेळा सांगून झाला होता की हसण्यासाठी तो पुरता ऐकावा लागत नसे. तो मात्र हसला नाही. टोस्टवर लोणी निम्मंच पसरून झालं होतं, सुरी तिथेच थांबली. मुलीने त्या दिवशी डोळे मिटले नव्हते. ते डोळे मिटणं त्याने स्वतः रचलं होतं, सात वर्षांपूर्वी, थोरल्या भावाच्या घरी, जेवणं झाल्यावर, मंडळी रंगात आलेली पाहून. ते त्याचं होतं, आणि आता ते मुलीला आठवत होतं.

"कसे मिटले होतेस?" त्याने विचारलं.

"कसे म्हणजे? असे." तिने मिटून दाखवले. "गाडी वर चढायला लागली आणि मी घाबरले. तुम्हीच नाही का ओरडत होता, डोळे उघड, डोळे उघड म्हणून?"

हेही त्याचंच होतं. हे बहुधा नंतरच्या वर्षी घातलेलं, दातांच्या डॉक्टरांकडे, त्यांच्या बायकोला हसवण्यासाठी. तो म्हणाला, एक कवळी आजच द्यायची आहे, आणि टोस्ट तसाच टाकून खाली आपल्या कामाच्या खोलीत गेला. कवळी सोमवारी द्यायची होती. फॉर्म मात्र खरंच आजच द्यायचा होता, बाराच्या आत. पाणी तपासणाऱ्या खात्यात मुलगी पहिली निवडून आली होती, आणि पहिल्या आलेल्या उमेदवाराला दोनपैकी हवी ती जागा निवडायची मुभा होती. वरची चौकट फिरतीची: ऑफिसची गाडी घेऊन एकट्याने हिंडायचं, विहिरी, टाक्या, खाडीची तोंडं, किनारे, जिथे जे पाणी असेल ते बाटलीत धरून आणायचं. खालची चौकट आतली: इतरांनी आणलेल्या बाटल्यांवर नंबर टाकायचे, नोंदी ठेवायच्या, रिकाम्या झालेल्या धुऊन पालथ्या घालायच्या. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून पोरीच्या तोंडी फिरतीशिवाय दुसरा विषय नव्हता. फिरतीला एकच अट होती, तीन महिन्यांत गाडी चालवण्याचा परवाना. तेवढ्या एका अटीपाशी तिने पाय मागे घेतला होता, तोही हसत हसत.

कामाच्या खोलीत त्याने रबरी वाटी घेतली, तीत पाणी ओतलं, पाण्यावर प्लास्टरची पूड चाळली आणि घोटायला लागला. हाताला काम दिलं की डोकं जागेवर राहतं असा त्याचा अनुभव होता, आज तसं होईना. तीस वर्षं तो हे करत आला होता. डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप पाठवतात, हा त्यात प्लास्टर ओततो, वाटी टेबलावर आपटून बुडबुडे काढतो आणि वाट पाहतो. ज्यांच्या तोंडात त्याचे दात बसतात त्या माणसांना तो कधी बघत नाही. कुणाची तरी हनुवटी, कुणाचं तरी बोळकं, सगळं पांढरं, मुकं, फळीवर ओळीने मांडलेलं. ओलं प्लास्टर म्हणजे चिखल, बोट लावलं की खड्डा पडणार. मग ते आतून गरम होतं, वरची ओल उडते, रंग फिका पडतो, नखाने टकटक केलं की दगडासारखं वाजतं. ओलं ते कच्चं, कोरडं ते पक्कं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, ते त्याच्या बोटांत मुरलं होतं. त्याच्या सगळ्या अकलेचा पाया म्हणजे हे एवढंच, असं त्याला कधी कधी वाटे, आणि तेव्हा स्वतःचं कौतुकही वाटे.

गाडी घेतली तेव्हा तो छत्तीस-सदतीस वर्षांचा असेल, आणि तोवरच्या आयुष्यात तो या खोलीपासून दवाखान्यापर्यंत आणि दवाखान्यापासून या खोलीपर्यंत इतकंच हिंडला होता. शोरूममधल्या भिंतीवर गाडीचं मोठं चित्र होतं. बुटकी, उंच चाकांची, छाती काढून उभी असलेली गाडी, किनाऱ्यावरून पाणी उडवत चाललेली. विक्रेता म्हणाला होता, "साहेब, रस्ता संपला म्हणून ही थांबत नाही." खरं तर ती चारचौघींसारखीच गाडी होती, फक्त जरा उंच. पुढची दोन चाकं ओढायची आणि मागची दोन नुसती फरफटत यायची, आणि हे पुस्तिकेत लिहिलेलं होतं. त्याने पुस्तिका वाचली नाही. त्याने ते चित्र वाचलं. घरी आल्यावर बायकोला म्हणाला, आपण आता कुठेही जाऊ शकतो. बायको म्हणाली, कुठे जायचंय? त्या प्रश्नाचा त्याला इतका राग आला की पुढच्याच रविवारी तो दोघींना घेऊन समुद्रावर निघाला. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती आणि पूर्ण वाटभर पुढच्या दोन सीटच्या मधून डोकं काढून बसली होती.

डांबर संपलं आणि झुडपांमधून जाणारी वाळूची वाट लागली. दोन चाकोऱ्या, मध्ये वाळलेलं गवत. गाडी हेलकावे खायला लागली तशी बायकोच्या पोटात ढवळायला लागलं. वाट संपते तिथे झाडांच्या सावलीत ती उतरली, चटई पसरून आडवी झाली, म्हणाली, तुम्ही जा बापलेक, मी नाही आता हलत. ती तिथे उतरली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं, हा हिशेब त्याने गेल्या दहा वर्षांत पुष्कळदा मांडला होता आणि दर वेळी त्यात दोष बायकोकडे गेल्यावर त्याला जरा हलकं वाटलं होतं. पुढे समुद्र मागे सरलेला, आणि लाटांनी नुकती सोडलेली ओली वाळू लांबच लांब पसरलेली, काळपट, चकचकीत. त्याने भीत भीत गाडी तिच्यावर घातली आणि गाडी चालली. चाकांखालून चर्र असा बारीक आवाज येत होता. मुलगी टाळ्या वाजवत होती. त्याने मागेपुढे पाहिलं, चिटपाखरू नव्हतं, आणि त्याने मुलीला म्हटलं, ये, बस. ती स्टिअरिंगमागे बसली. त्याने बाजूला बसून हँडब्रेकवर हात ठेवला, आणि ती पोर, ओठ दाताखाली धरून, डोळे एवढे मोठे करून, पाण्याच्या कडेकडेने गाडी सरळ घेऊन गेली. रेघ मारावी तशी. मग त्याने सांगितलं तेव्हा हळूच थांबवली. इंजिन बंद झाल्यावर तिने एवढा मोठा श्वास सोडला की काच धुरकटली. ही पाच मिनिटं झाली होती. बाकी सगळं बुडालं तरी एवढी पाच मिनिटं खरी होती आणि त्यांना दुसरं कुणी साक्षी नव्हतं.

त्यानंतर दोघांनी जागा बदलली. त्याला आता वर जायचं होतं. किनाऱ्याच्या वरच्या अंगाला वाळूचा उंचवटा होता, पांढरा, उन्हात सुकलेला, आणि त्या उंचवट्यावर गाडी उभी करून खाली समुद्र असा फोटो काढायचा होता. खालची काळी ओली वाळू त्याला चिखलच वाटत होती. इतका वेळ तिच्यावरून गेलो हे नशीब, असंही वाटत होतं. वरची पांढरी, कोरडी, म्हणजे पक्की. मुलगी म्हणाली, "बाबा, ओल्यावरच राहा ना. वर पाय रुततात, मी मघाशी पळून बघितलं." तो म्हणाला, "तुला काय कळतं?" आणि चाक फिरवलं. गाडी पहिले काही हात गेली. मग चाक हातात एकदम हलकं झालं, तोंड खाली गेल्यासारखं वाटलं. तिथे सोडून दिलं असतं, मागे घेतली असती, तरी निभावलं असतं. त्याने आधी ब्रेक मारला आणि मग, पाचावर धारण बसलेला माणूस करतो तेच केलं, ॲक्सिलरेटर जोरात दाबला. इंजिन बोंबलत होतं, समोर एक पिवळा दिवा लुकलुकत होता, पुढची चाकं आपल्यापुरता खड्डा खणत होती, आणि जळल्याचा वास आत येईपर्यंत त्याने पाय काढला नाही. तो उतरला तेव्हा गाडी पोटावर बसली होती. मुलीने गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी चाकापुढची वाळू उपसायला लागली. जेवढी ती उपसत होती तेवढी वरून येत होती.

पाणी चढायला लागलं होतं. तासाभराने होड्या ओढणारा एक ट्रॅक्टरवाला आला, त्याच्यामागे जाळी आवरून पाच-सहाजण आले. ट्रॅक्टरवाला खाली बसला, चाकावर मूठ मारली आणि म्हणाला, "इतकी टणक चाकं घेऊन कुणी वाळूत येतं का? आधी हवा सोडा." आणि काडीने चारी चाकांची हवा सोडायला लागला. फुस्स असा आवाज येत होता आणि गाडी इंचाइंचाने खाली बसत होती, आणि त्या आवाजावर ते पाच-सहाजण हसत होते. वाईट नव्हतं ते हसणं. पण त्याच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. दोर बांधता बांधता ट्रॅक्टरवाल्याने सहज विचारलं, "चालवत होतं कोण?"

तो म्हणाला, "पोरगी."

विचार करून नव्हे. घसा खाकरावा तसं ते तोंडातून निघालं. लगेच सगळ्यांचे चेहरे बदलले, माया आली त्यांच्यात. "असू दे ग बाई, पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "आणि बाबा चांगला आहे तुझा, हातात चाक दिलं." मुलीने त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर तो विसरून गेला असता. फळ्यावर मास्तरांनी वेगळंच उत्तर लिहिल्यावर हुशार पोर आपली वही पुन्हा तपासते, तसं ती बघत होती. चूक आपलीच असणार अशा तयारीने. मग तिने मान खाली घातली आणि हाताची वाळू फ्रॉकला पुसली. तो काहीच बोलला नाही. घरी येईपर्यंत बोलला नाही. झाडाखाली बायकोने विचारलं तेव्हा म्हणाला, "काही नाही, हिने जरा वाळूत घातली," आणि मागच्या सीटवरून कुणी हूं की चूं केलं नाही.

तिथेच संपलं असतं तर ते एक लहानसं पाप झालं असतं, माणसं करतात तसलं. पण गोष्टीला पाय फुटले. बायको सांगायला लागली, कारण तिला ती गोड वाटायची: बापाने कौतुकाने चाक दिलं आणि लेकीने समुद्राला गाडी अर्पण केली. लोक तपशील विचारायला लागले आणि तपशील त्याच्याकडे होते. तो मीठमसाला लावायला लागला. सांगताना तो रंगायचा. एरवी चारचौघांत त्याला बोलायला विषय नसायचा, दाढांबद्दल कोण किती ऐकणार? पहिली दोन-तीन वर्षं किस्सा निघाला की मुलगी पाणी आणायला म्हणून उठून जायची. तिच्या पाठीकडे बघत तो सांगत राहायचा आणि मनात ठरवायचा की एकदा हिच्याशी बोलायचं. मग भावाच्या घरी त्याने ते डोळे मिटल्याचं घातलं, सगळे खो खो हसले, आणि त्या दिवशी मुलगीही हसली. पहिल्यांदाच. त्याचा जीव भांड्यात पडला. त्याला वाटलं, पोरीने माफ केलं, आता बोलायची गरज उरली नाही. आज, प्लास्टर घोटताना, त्याला कळत होतं की ती माफी नव्हती. एकटीने खरं धरून ठेवायला ती कंटाळली होती. सगळ्यांना जे दिसत होतं ते तिनेही बघायला सुरुवात केली होती, आणि सोळा वर्षांच्या त्या पोरीला ते सोपं गेलं असणार.

अठराव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलला घातलं तर तिसऱ्या दिवशी परत आली. पाय कापतात म्हणाली. शिकवणाऱ्या बाईंनी घरी येऊन सांगितलं, हात फार चांगला आहे हो हिचा, पण मध्येच गोठून जाते. तेव्हा तो काय म्हणाला होता? "राहू दे, घाई काय आहे?" वरवर मायेने. आत मात्र त्याला बरं वाटलं होतं, कारण गाडी शिकलेल्या माणसाला त्या दिवसाचा अर्थ लागला असता. ओल्या वाळूवरून रेघेसारखी गेलेली गाडी आठवली असती. त्याने वाटीत बोट घातलं. प्लास्टर घट्ट होऊन गरम झालं होतं, माप तसंच कोरडं पडलं होतं. वाटीसकट ते त्याने कचऱ्यात टाकलं आणि जिना चढायला लागला. अकरा वाजले होते. प्रत्येक पायरीवर तो तयारी करत होता. ती ओरडेल, ओरडू दे. रडेल, रडू दे. महिनाभर बोलणार नाही, तेही चालेल. पण वरच्या चौकटीत खूण करेल.

मुलगी फॉर्म पाकिटात घालत होती. तो समोर बसला.

"बबे, थांब. त्या दिवशी गाडी मी चालवत होतो."

"कुठल्या दिवशी?"

"रुतली तेव्हा. तू बाजूला बसली होतीस. तू चालवलीस ती ओल्यावरून, आणि फार सुंदर चालवलीस. वर मी नेली. मी खोटं बोललो त्या लोकांशी, आणि मग बोलतच राहिलो."

मुलीचा चेहरा मऊ झाला. "बाबा," ती म्हणाली, "कशाला हो?"

"कशाला म्हणजे? खरं आहे ते. तू मला सांगत होतीस, ओल्यावरच राहा. मी ऐकलं नाही."

"ते तुम्ही मला सांगत होता. मी ऐकलं नाही. किती वेळा सांगितलंय तुम्हीच." आणि ते खरं होतं, तिचं तेवढं शहाणपणसुद्धा त्याने कधीच उचलून स्वतःच्या तोंडी घातलं होतं. "तुम्हाला वाटतंय मी फिरती घ्यावी, म्हणून हे. कळतं मला."

"तुझी शपथ, बबे."

"अहो, पोरीच्या शपथा कसल्या घेताय?" बायको हात पुसत आली. "नसेल जायचं तिला उन्हातान्हात तर राहू दे की. तिला धीर द्यायला म्हणून सगळं स्वतःवर घ्यायचं, हे काय नवीन का तुमचं?"

त्याने खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. आवाज चढला होता त्याचा. "चल खाली. आत्ताच्या आत्ता. तू चालव, मी बाजूला बसतो. हात सांगतील तुला. तू डोळे कधी मिटलेच नव्हतेस, ते मी रचलं." त्या ट्रॅक्टरवाल्याला शोधून आणावं असंही एक क्षण त्याच्या मनात आलं. पण त्याला आणून उपयोग नव्हता, तोही हेच सांगणार होता.

मुलीने किल्ली हळूच त्याच्याकडे सरकवली. हातात न घेता, एका बोटाने. "मला आठवतंय बाबा," ती समजूत घालावी तशी म्हणाली. "अंधार झाला होता डोळ्यांपुढे. ते कसं खोटं असेल? आणि एक सांगू? त्या दिवशी तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. नवी कोरी गाडी, माणसं हसत होती, आणि तुम्ही घरी येईपर्यंत गप्प. नंतरही कधी नाही. माझ्या वर्गातल्या मुलींना कप फुटला तरी मार बसायचा. मी तेव्हाच ठरवलं होतं, या माणसाला पुन्हा कधी असं खाली बघायला लावायचं नाही." तिने त्याच्या हातावर हात ठेवला, जरा दाबला, पाकीट उचललं आणि चपला घालून गेली.

जिन्यावर तिची पावलं वाजत खाली गेली. धावलं असतं तर गाठता आलं असतं, दोनच मजले होते. बायकोने त्याच्यासमोर ताजा चहा ठेवला, डोळ्यांच्या कडा पदराने टिपल्या आणि म्हणाली, "नशीब काढलंय पोरीने, असा बाप मिळायला." तो चहाकडे बघत बसला. नाही म्हणायला त्याने तोंड उघडलंही. पण त्याच्या आधी, अगदी आत, त्याला बरं वाटलं होतं, आणि लाज आली ती त्यानंतर.